एका सुनेची मुलाखत

मुलाखत घेताना ‘काहून’ विचारायचं नाही, असं आमच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं. गोळी काहून घेतली नाही, दवाखान्यात काहून गेले नाही, असं विचारलं की समोरचा माणूस आरोपीसारखं उत्तर द्यायला लागतो. त्यापेक्षा विचारायचं, ‘मग काय झालं?’ आणि गप्प बसायचं.

गप्प बसण्याची मला सवय नव्हती. मी नर्स. भंडाऱ्याजवळ वरठीत वाढले, वडील स्टीलच्या कारखान्यात होते. नर्सिंग झाल्यावर जवाहरनगरजवळच्या एका खासगी दवाखान्यात काही वर्षं काढली. वॉर्डात नर्सचं तोंड सारखं चालू असतं. ताप मोजला का, जेवले का, सुई टोचते हं, हात सैल सोडा. पेशंट काय म्हणतो ते ऐकायचं, पण कामापुरतं. त्याचं लांबलं की आपण पुढच्या खाटेकडे निघालेलो असतो.

ती नोकरी सोडून मी एका अभ्यासात लागले. सिकलसेल असलेल्या बायकांचं घरचं आयुष्य कसं असतं, हे त्यांच्याच तोंडून ऐकून लिहायचं होतं. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. मग सांधे असे ठणकतात की माणूस भिंतीला डोकं आपटतो. हा आजार आईबापाकडून लेकराला येतो, एकाकडून आला तर अर्धा, दोघांकडून आला तर पूर्ण. आमच्या भंडाऱ्याकडे गावोगाव आहे, आणि तरी घरात कोणी त्याचं नाव काढत नाही, कारण पोरीचं लग्न व्हायचं असतं. माझ्या मामाच्या घरी आहे. आमच्या बौद्ध वस्तीत त्याची तपासणी जास्त झाली, म्हणून बाकीचे लोक त्याला ‘तुमच्या लोकांचा आजार’ म्हणतात. रक्ताला जात कळत नाही हे आम्ही नर्सा कितीही सांगत असलो तरी.

नागपूरला प्रशिक्षण होतं. मॅडम साठीच्या आसपासच्या, आवाज हळू, चष्मा कायम गळ्यात लटकलेला. त्यांनी आम्हाला एकमेकींच्या मुलाखती घ्यायला लावल्या. मी पहिली खरी मुलाखत घेऊन आले तेव्हा त्या माझ्या शेजारी बसल्या आणि रेकॉर्डिंग लावलं. एक बाई सांगत होती की दुखणं आलं की ती लेकरांना शेजारी पाठवते. लगेच माझा आवाज आला, ‘पाणी भरपूर पीत जा, थंडीत पाय झाकत जा.’ त्यानंतर ती बाई फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ म्हणाली.

मॅडमनी रेकॉर्डिंग थांबवलं. “ती इथे थांबली. ऐकलंस?”

मी ऐकलं होतं.

मग ते ऐकून ऐकून कागदावर उतरवायचं. प्रत्येक शब्द, प्रत्येक अडखळणं, मध्ये किती वेळ गप्प होती तेही. मी सवयीनं ‘मले’चं ‘मला’ केलं होतं, ‘जाऊन राहिली’चं ‘जात आहे’. मॅडमनी लाल पेनानं खूण केली. “हे कोण बोललं? ती की तू?” घरी आम्ही सगळे ‘मले’च म्हणायचो. नागपूरच्या कागदावर ते लिहायला मलाच लाज वाटली होती.

ज्या मुलाखतीबद्दल लिहायला बसले आहे, ती याच्या पुढची.

मोहाडीकडच्या एका दवाखान्यात सिकलसेलच्या बायकांचा दिवस असायचा. तिथे ती मला भेटली. तिची आई सोबत होती. पोरगी बारीक अंगाची, डोळ्यांत पिवळसर झाक, पाचवा महिना. लग्न होऊन वर्ष झालं होतं, सासर सानगडीच्या पुढच्या एका खेड्यात. सासरी कोणालाच माहीत नव्हतं. गावातली नर्सबाई तपासणीला आली की ती सांगायची, माहेरच्या दवाखान्यात नाव नोंदवलं आहे. गोळ्या माहेरून आणायची.

“मी बोलन ताई,” ती म्हणाली. “पन इथं नाही, मायसमोर नाही. सासरी या. फक्त या बिमारीचं नाव काढू नका.”

आमच्या अभ्यासाचं नाव साधं होतं, बायकांच्या तब्येतीचा अभ्यास. खोटं बोलायची गरज नव्हती. मी गेले.

धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायची तयारी चालू होती. सासरचं घर खाऊनपिऊन सुखी, शेतकऱ्याचं. नवरा ट्रॅक्टर घेऊन बाहेर गेला होता. दारात सासू होती. कमरेत थोडी वाकलेली, पण नजर अशी की मी चप्पल कुठे काढते तेही तिनं पाहिलं.

“आडनाव काय तुमचं?”

मी सांगितलं. पाणी यायला जरा वेळ लागला. आलं ते प्याले. मी कशाला आले ते सांगितलं, तेव्हा सासू म्हणाली, “मागच्या साली ते सिकल का फिकलवाले आलते. तो तुमच्या लोकाइत असते ना? आमच्या इकडे नाही कोनाले.”

सून ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिची बोटं थांबली नाहीत. फक्त सुपावर मान थोडी आणखी खाली गेली.

मी सासूला म्हटलं, “आई, हिच्याशी जरा एकटीशी बोलायचं आहे. बायकांच्या गोष्टी आहेत.” तिनं माझ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि म्हणाली, “बोडीकडे जा मग. इथं लोकं येऊन राहतात.”

बोडी म्हणजे शेताला पाणी देणारं लहान तळं. उन्हाळ्यानं तळाशी थोडंच पाणी राहिलं होतं आणि त्यात म्हशी बसल्या होत्या. आम्ही काठाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली बसलो. मी संमतीचा कागद वाचून दाखवला. जे सांगशील ते नाव न टाकता अभ्यासात येईल, पण ते तुझं आहे हे तुझ्या परवानगीशिवाय कोणालाही कळणार नाही, नवऱ्याला नाही, सासूला नाही, आईलाही नाही. तिनं सही केली आणि विचारलं, “खरंच?”

मी हो म्हटलं.

ती बोलायला लागली ती थांबेचना. लग्न ठरताना आई म्हणाली होती, एक लेकरू होऊ दे, मग सांगून टाकू, मग कोनी टाकत नाही. दुखणं आलं की ती घरामागे शेणाच्या खड्ड्याकडे जायची आणि पदर तोंडात कोंबून बसायची. नवऱ्याला सांगायची पाठ भरली. नवरा चांगला होता, म्हणून जास्त भीती वाटायची. एकदा त्यानं तिचे पाय चेपून दिले तेव्हा ती रात्रभर रडली. तो समजला माहेरची आठवण आली.

“आन् सासू?” मी विचारलं. माझ्याही तोंडात आता माझी बोली आली होती.

“तिले मी पसंतच नाही. मागच्या रोवण्याले अख्खं गाव धानाच्या बांधीत होतं, तर मले म्हने तू घरी राह्य. पान्यात पाय नको टाकू म्हने. मले काय रोवता येत नाही का? लहानपनापासून रोवला मी धान. शेजारनी हासल्या, म्हने सून पाटलीन आनली. थंडीतही मले कपडे धुवाले नदीवर जाऊ देत नाही. माह्या हातचं कामच तिले आवडत नाही. काही करू देत नाही, आन् बोलत बी नाही.”

मी गप्प बसले. मॅडमनी शिकवलं होतं तसं. ती थोड्या वेळानं हसली. “म्हशीवानी बसवून ठेवते मले,” म्हणाली आणि पाण्यातल्या म्हशींकडे हात केला.

रेकॉर्डर बंद केल्यावर मात्र मी नर्स झाले. नियमातही ते बसत होतं. बोलणाऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर त्याच्याशी बोलायचं आणि डॉक्टरांशी गाठ घालून द्यायची. पण घरच्यांना सांगायचं की नाही, ते तिनंच ठरवायचं. मी तिला सांगितलं की या आजारात बाळंतपण अवघड असतं, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर एक तासही थांबायचं नाही, आणि तिथल्या डॉक्टरांना आजाराचं नाव सांगायचंच. ती सगळ्याला मान हलवत होती. रोवणा सुरू व्हायच्या आधी माहेरी जाईन आणि बाळंत होऊनच येईन, असं तिनं कबूल केलं. नवऱ्याला सांगते का, असं विचारलं तर म्हणाली, “लेकरू झाल्यावर.”

तिला विचारून मी मॅडमना फोन केला. त्यांनी एका ओळखीच्या डॉक्टरांशी बोलून तिच्या तपासणीची तारीख ठरवली. ती माहेरी गेली, डॉक्टरांकडे गेली, तिला रक्त चढवलं. एकदा तिचा फोनही आला की बरं आहे, पाय सुजतात थोडे. मला वाटलं, जमलं.

पोळ्याला नवरा तिला घ्यायला गेला. दोन दिवसांसाठी, नव्या घेतलेल्या बैलांची पहिली पूजा तिच्या हातून व्हावी म्हणून. आईला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. त्या दिवसांत पावसाची झड लागली होती. सासरी तिला ताप आला, मग छातीत दुखायला लागलं. नवऱ्यानं आणि सासूनं तिला जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथून नागपूरला. नागपूरला पोट फाडून मुलगी काढली. मुलगी जगली. सून मात्र नंतर शुद्धीवर आलीच नाही.

मला हे तिच्या आईच्या फोनवरून कळलं. आई रडत नव्हती. “तुमाले सांगितलं पाहिजे वाटलं,” एवढंच म्हणाली आणि फोन तसाच चालू राहिला. मागे कोणीतरी भांडी घासत होतं.

तिची मुलाखत तेव्हा अर्धीच उतरवून झाली होती. मॅडम म्हणाल्या दुसऱ्या मुलीला देते. मी नको म्हटलं. का म्हटलं, मला सांगता येणार नाही. दुसऱ्या कोणी तिचे ‘मले’ पुसून टाकले असते, असं काहीतरी डोक्यात होतं. कानाला हेडफोन लावून मी पुन्हा पुन्हा मागे जायचे. एखादा शब्द म्हशीच्या हंबरण्यात बुडाला की परत ऐकायचा, परत ऐकायचा. ती जिथे हसली तिथे कंसात ‘हसते’ असं लिहायचा नियम आहे. मी लिहिलं आणि उठून बाहेर जाऊन उभी राहिले. बाहेर लोक चहा पीत होते.

मग कोडिंग. म्हणजे बोलण्याचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा कशाबद्दल आहे ते शेजारी दोनतीन शब्दांत लिहायचं. सगळ्या बायकांचे एकसारखे तुकडे एकत्र आले की अभ्यासाला काय सापडलं ते दिसू लागतं. रोवण्याच्या तुकड्यासमोर मी लिहिलं, ‘सासूचा अविश्वास’. दुसऱ्या मुलीनं मला न विचारता, वेगळं बसून जवळपास तेच लिहिलं होतं. दोघींचं जुळलं की काम पक्कं समजतात.

धान कापून झाल्यावर मी त्या गावी गेले. अभ्यासाचं काम नव्हतं. पण ज्या घरी बसून आपण तास काढला त्या घरी मरणानंतर जायचं असतं. सासू ओसरीवर बाळ मांडीवर घेऊन बसली होती. मला पाहून ती उठली आणि स्वतः पाणी घेऊन आली. नवरा खळ्यावर होता.

बाळ झोपलं होतं. सासू बराच वेळ त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “तुमी तिच्यासंग पाळीवर बसल्या होत्या. काय बोलली ते?”

“आई, ते मला सांगता येत नाही.”

“काहून?”

“तिला शब्द दिला होता.”

“ते तर गेली.”

“तरीही.”

तिनं मान हलवली, जसं काही हे तिला आधीच माहीत होतं. “माह्याबद्दल बोलली?”

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.  

“बोलली असन,” सासू म्हणाली. “मले माहीत होतं बाई. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या महिन्यात मले समजलं. माह्या मोठ्या बहिनीची पोरगी तशीच होती. तसेच डोये, तसंच पाय धरून बसनं. पान्यात गेली का तिचे सांधे धरत. ते बी गेली, लग्नाआधीच. आमी कोनाले सांगितलं नाही, बहिनीच्या दुसऱ्या पोरी राहिल्या होत्या.”

बाळ हललं. तिनं थोपटलं.

“म्हनून मी हिले रोवण्यात जाऊ देत नव्हती. थंड्या पान्यात जाऊ देत नव्हती. तिनं लपवून ठेवलं तर मी कायले उघडं करू? तिले शरम वाटली असती. पोरगा काही म्हनला असता, तिच्या मायबापाले बोलला असता. म्हटलं राहू दे, आपन सांभाळून घेऊ.”

“तुम्ही त्या दिवशी मला म्हणाल्या, आमच्याकडे नाही कोणाला.”

“तुमी तपासाले आल्या असं वाटलं. तुमी इथून जा म्हनून म्हटलं.” ती थांबली. “तुमाले लागलं असन ते.”

मी ‘नाही’ म्हटलं नाही.

पुढचं तिनं जमिनीकडे पाहून सांगितलं. पहिल्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं होतं, आधीची काही बिमारी आहे का. सून खाटेवर होती, मुलगा शेजारी उभा होता. सून सासूकडे पाहत होती. “मले वाटलं ते सांगन. आता तरी सांगन. तिले बोलता बी येत होतं तेव्हा. ते काही बोलली नाही, म्हनून मी बी नाही बोलली. डॉक्टर म्हनला पावसाचा ताप आहे, कफ आहे. दुसऱ्या दिवशी धाप लागली तवा नागपूरले नेलं. तिथं मी सांगितलं. पोरासमोर सांगितलं.” मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. “पहिलेच सांगितलं असतं तं वाचली असती का? तुमी नर्स आहा. सांगा.”

खोटं बोलणं सोपं होतं. “माहीत नाही, आई,” मी म्हटलं. “वाचली असती, असं होऊ शकलं असतं. नसतीही वाचली.”

“हं,” ती म्हणाली. एवढंच. मग बाळ रडायला लागलं आणि ती त्याचं दूध करायला उठली.

निघताना ती दारापर्यंत आली. “हे लिवू नोका कुठं.” मी नाही लिहिणार म्हटलं. पण बाळाचं रक्त तपासायला हवं, हे तिला सांगून आले. आईचा आजार होताच. आणि बापाच्या मावसबहिणीला होता, म्हणजे बापाच्या रक्तातही अर्धा असू शकत होता.

नागपूरला कळल्यापासून सासूचा मुलगा तिच्याशी बोलत नव्हता. तपासणीला मात्र तो आला, बाळाला स्वतः घेऊन. दवाखान्याच्या व्हरांड्यात तो मला म्हणाला, “त्या दोघीबी मले वाचवत होत्या म्हने. मी काय केलं असतं मॅडम? मी काय केलं असतं असं वाटलं त्याइले?” आवाज चढला नव्हता.  तो रिपोर्ट घ्यायला काउंटरवर गेला.

मुलीला आजार निघाला. पूर्ण.

मी मॅडमकडे गेले. सासूचं बोलणं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की त्या तुकड्यासमोर आपण जे लिहिलं ते बरोबर नाही, आणि का ते मला सांगता येत नाही. मॅडमनी चष्मा लावला आणि तो तुकडा पुन्हा वाचला. 

“तिला तसं वाटलं, हे तर खरं आहे,” त्या म्हणाल्या. “ते आपण बदलू शकत नाही. पण सासूचा अविश्वास, हे ती म्हणत नाही. हे आपण म्हटलं. सासूला आपण कुठे विचारलं?”

त्यांनी ते शब्द खोडले आणि लिहिलं, ‘आपण पसंत नाही असं सुनेला वाटतं’. मला पुढे काही विचारलं नाही. अहवालात तिचं रोवण्याचं वाक्य आलं, तिच्याच बोलीत. ते वाक्य वाचून नागपूरच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, सासवा किती निर्दय असतात. मी अहवालाचं पान उलटलं.

पुढे मी आणखी कितीतरी मुलाखती घेतल्या. किडनीच्या आजारावर घेतल्या, बाळंतपणावर घेतल्या. आता नवीन मुलींना मीच शिकवते. समोरच्या माणसाच्या घरात आणखी एक माणूस असतं आणि त्यालाही काहीतरी माहीत असतं, हे मी त्यांना सांगते, पण कुठून शिकले ते सांगत नाही.

हे मात्र सासूला विचारून लिहिलं आहे. ती स्वतःच म्हणाली की आता लिव, कोनाच्या घरी असंल तं बोलतील तरी. फक्त कोनाचं नाव टाकू नको. मुलगा आता आईशी बोलतो, कामापुरतं. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. करशील का, असं विचारायची कोणाची हिंमत होत नाही.

सानगडीच्या बाजूला काम निघालं की मी तिथे जाते. मुलगी आता अंगणभर पळते. मला पाहिलं की आजीच्या लुगड्यामागे लपते, तिला मी सुई टोचणाऱ्यांपैकी वाटते. गेल्या थंडीत तिच्या दोन्ही हातांची बोटं सुजून टम्म झाली होती. आजीनं उजाडायच्या आत मुलाला उठवलं, गाडी काढायला लावली आणि दवाखान्यात शिरताच, कोणी विचारायच्या आधी, आजाराचं नाव सांगितलं. आठवडाभर ठेवून घेतलं, मग घरी सोडलं. सूज उतरली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा येईल.